दीडपट माप

रविवारी सकाळी मुलाचा फोन यायचा आणि तो तीन मिनिटं चालायचा. हे अंदाजपंचे सांगितलेलं नाही. छटाककाकांनी सलग आठ रविवार घड्याळ लावून मोजलं होतं. सर्वांत लांब फोन तीन मिनिटं चाळीस सेकंदांचा भरला, पण त्यातले पन्नास सेकंद मुलगा दाराशी आलेल्या कुणाशी तरी बोलत होता. ते धरायचे की वजा करायचे, यावर काकांचं स्वतःशीच एकमत होईना.

मजकूर ठरलेला असे. जेवलास का? हो. तब्येत? बरी. काम? चाललंय. मग जरा वेळ दोन्हीकडून श्वास ऐकू येत आणि काका म्हणत, "देतो हं आईला." फोन आईच्या हातात गेला की तोच मुलगा चाळीस मिनिटं बोलायचा. मधूनमधून हसायचा सुद्धा. काका समोरच्या खुर्चीत पेपर धरून बसत. चाळीस मिनिटांत पान उलटत नसे.

छटाककाका वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानातले तराजू, पंपावरची मापं, कापडवाल्यांचे गज तपासायचे, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर सील ठोकायचं, हे काम ते एकतीस वर्षं करत आले होते. फार पूर्वी एकदा त्यांनी डाळीच्या पिशवीत छटाकभर तूट निघाली म्हणून भरल्या बाजारात दुकान बंद करवलं होतं. तेव्हापासून गल्लीने त्यांना हे नाव दिलं. ते त्यांना आवडत नाही असं ते सांगत, पण कुणी विसरलं तर गोष्ट पहिल्यापासून सांगत.

एका रविवारी फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "तुम्ही त्याला त्याच्या आवडीचं काही विचारता का कधी? पोरगं काय जेवणाची हजेरी द्यायला फोन करतं?"

पण विचारायचं तर आवडीचं काय ते आधी कळायला हवं. म्हणून काका मुलाच्या खोलीत गेले.

मुलगा दोन वर्षांपूर्वी पुलांचे आराखडे काढणाऱ्या एका कंपनीत नोकरीला लागून दुसऱ्या शहरात गेला होता. जाताना भिंतीवर जुनी गिटार, कपाटावर बिघडलेला रेकॉर्ड प्लेअर आणि कपाटात त्रेसष्ट रेकॉर्ड मागे ठेवून गेला होता. शिवाय एक वाक्य ठेवून गेला होता: "माझ्या रेकॉर्डना हात लावू नका." काका नियम मोडणारे नव्हते. पण नियमाचं वाचन करणं हा त्यांचा पेशाच होता. खात्यातली प्रमाण वजनं हाताच्या घामाने बिघडू नयेत म्हणून पांढरे सुती हातमोजे घालून उचलतात. ते मोजे काकांच्या बॅगेत कायम असत. त्यांनी मोजे चढवले. आता हात लागत नव्हता.

त्रेसष्टपैकी एकाही रेकॉर्डवर ओळखीचं नाव नव्हतं. एकीच्या वेष्टनावर निळ्या शिंगांचं हरीण शिडी चढत होतं. दुसरीवर नुसतं एक रिकामं टेबल. तिसरीवर चार दाढीवाले एका बोटीत बसले होते आणि बोट गव्हाच्या शेतात होती. प्रत्येकीच्या आत मुलाच्या अक्षरात पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी होती. चिठ्ठ्या वाचून काकांना एवढं समजलं की या प्रकाराला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात आणि त्याच्या शेजारच्या कप्प्याला जॅझ फ्यूजन. दोन्हीत गाणी वीस-वीस मिनिटांची असतात, गिटार वाजवणारा माणूस कुणाची वाट बघत नाही, आणि मुलाने मुद्दाम असेच वादक जमवलेत ज्यांना कुणी ओळखत नाही.

"एकच रेकॉर्ड काढली. नंतर हा शाळेत भूगोल शिकवायला लागला," एका चिठ्ठीत होतं. दुसरीत: "तीनशे प्रती छापल्या. दोनशे गोदामात भिजल्या." काका पलंगाच्या कडेवर बसून चिठ्ठ्या वाचत राहिले. जगात एवढी माणसं आपलं काम जीव ओतून करून मुकाट्याने दुसऱ्या नोकरीला लागली, आणि त्यांची नोंद आपल्या घरात आपल्या मुलाने ठेवली, हे त्यांना माहीतच नव्हतं. नोंद ठेवणाऱ्या माणसाबद्दल त्यांना पहिल्यापासून आदर होता. ही नोंद तर त्यांच्याच वळणाच्या अक्षरात होती.

मुलगा दोन महिन्यांनी चार दिवस सुट्टीवर येणार होता. तोवर सगळं ऐकून तयार व्हायचं, असं काकांनी ठरवलं.

प्लेअर दुरुस्त करायला दोन गल्ल्या पलीकडचा रेडिओवाला आला. हा माणूस कोणत्याही यंत्राकडे, माहेरून परत आणलेल्या सुनेकडे पाहावं तसं संशयाने पाहतो. पट्टा तुटलाय, मोटरवरची छोटी चकतीही झिजलीय, असं त्याने निदान केलं. या बनावटीची चकती आता मिळत नाही म्हणून त्याने पिशवीतून दुसऱ्याच कुठल्यातरी यंत्रातली काढून बसवली. नवा पट्टा चढवल्यावर तबकडी फिरू लागली. काकांनी विचारलं, बरोबर बसली ना? रेडिओवाला म्हणाला, "काका, फिरतीय ना? मग झालं तर."

एकतीस वर्षांत हजारो व्यापाऱ्यांनी हेच उत्तर दिलं होतं आणि काकांनी त्या प्रत्येकाचा तराजू उलटा करून पाहिला होता. इथे पाहिला नाही. माणूस स्वतःच्या घरात शिरला की खातं बाहेर चपलांपाशी ठेवतो.

पहिली रेकॉर्ड लावली तेव्हा बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, कुणी सामान हलवतंय का? आवाज खर्जातला, संथ. गिटारचा एकेक स्वर जिना चढणाऱ्या वजनदार माणसासारखा, दर पायरीवर दम घेत वर येत होता. चिठ्ठीत "वेड लावणारा वेग" असं लिहिलं होतं. काकांना वेग काही दिसला नाही, पण आपल्याला यातलं कळत नाही हे त्यांनी आधीच मान्य केलं होतं.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली, आणि ते या संगीताच्या प्रेमात पडले ते त्या गोष्टीमुळे. वेष्टनावर पहिल्या बाजूची लांबी छापली होती: अठरा मिनिटं. काकांनी सवयीने घड्याळ लावलं. बाजू सत्तावीस मिनिटं चालली. त्यांनी दुसरी रेकॉर्ड घेतली. छापलेलं वीस, भरलं तीस. तिसरी, चौथी, पाचवी, सगळीकडे तोच हिशेब. छापलेल्याच्या दीडपट.

आता, कायद्याप्रमाणे कमी देणं हा गुन्हा आहे. जास्त देण्याबद्दल कायदा गप्प आहे, कारण तशी वेळ कधी आली नाही. एकतीस वर्षांत काकांना पावशेराला सव्वापावशेर देणारा माणूस भेटला नव्हता. आणि इथे हे दाढीवाले, भूगोल शिकवणारे, गोदामात भिजलेले लोक, अठरा मिनिटं सांगून गुपचूप सत्तावीस मिनिटं देत होते. त्याची कुठे जाहिरातही करत नव्हते. त्या संध्याकाळी जेवताना काकांनी दोनदा डोळे पुसले. बायकोने विचारलं, भाजी तिखट झाली का?

त्यांनी एक तपासणी-वही सुरू केली. नमुना क्रमांक, छापील माप, प्रत्यक्ष माप, शेरा. शेऱ्यात ते मोकळे होत. "वादक सचोटीचा." "ढोलवाला मध्ये उगाच घाई करतो, तरी माप पुरं." बोटवाल्या रेकॉर्डवर एक गायक होता, त्याच्याबद्दल: "आवाज भारदस्त. प्रौढ, संसारी गृहस्थ असावा."

नमुना क्रमांक सात म्हणजे निळं हरीण. त्यातली गिटार एकविसाव्या मिनिटाला एक तुकडा वाजवते. तो ऐकताना काका खुर्चीत सरळ झाले. हा तुकडा त्यांच्या ओळखीचा होता. नोकरीला जाण्याआधी तीन वर्षं याच खोलीतून, याच गिटारवर, भिंतीतून तो ऐकू यायचा. फार वेगात यायचा आणि दरवेळी एकाच जागी अडखळायचा. तेव्हा काका भिंतीवर दोनदा टकटक करत, म्हणजे पुरे आता. चिठ्ठीवर मुलाने लिहिलं होतं: "इथे काहीतरी निसटतं. तीन वर्षं सापडलं नाही." त्याखाली आणखी एक ओळ होती: "यांची दुसरी रेकॉर्ड कुठेच मिळत नाही."

काकांनी तो तुकडा त्या आठवड्यात चाळीस वेळा ऐकला. दर स्वराला एक काडी, अशा आगपेटीतल्या काड्या टेबलावर मांडल्या. भिंतीवर केलेल्या टकटकीची वहीत नोंद केली नाही.

मग सेक्रेटरी आले. खालच्या मजल्यावर राहणारे हे गृहस्थ इमारतीचे चिटणीस होते आणि गेली सहा वर्षं त्यांना झोप नव्हती, त्यामुळे त्यांचं इमारतीवर चोवीस तास लक्ष असे. त्यांनी लेखी तक्रार आणली होती. "आपल्या घरातून दररोज संध्याकाळी अनोळखी स्वरूपाची घरघर येत असून आमच्या काचेच्या कपाटातील कपबशा स्वतःहून सरकत आहेत." काकांनी तक्रारीची पोच दिली, तारीख घातली आणि म्हणाले, बसा, कशाची घरघर ते ऐकूनच घ्या. सेक्रेटरी बसले. चौथ्या मिनिटाला त्यांची मान कलली. बाजू संपली तरी ते उठले नाहीत. काकांनी हातमोज्यांनी दुसरी बाजू लावली.

जाग आल्यावर सेक्रेटरींनी आपली तक्रार परत मागून घेतली. पुढच्या शनिवारपासून ते दुपारी उशी घेऊनच येऊ लागले. या संगीतात फार खोल काहीतरी आहे, असं ते जिन्यात भेटेल त्याला सांगत. काय आहे ते त्यांना सांगता येत नसे, कारण चौथ्या मिनिटाच्या पलीकडे ते कधी गेलेच नव्हते.

इथवर सगळं सुरळीत होतं. पण हौस वाढली की माणूस थांबत नाही. काकांनी ती न मिळणारी दुसरी रेकॉर्ड शोधायला घेतली. इंटरनेटवर तीन आठवडे रोज बसून त्यांनी समुद्रापलीकडच्या एका जुन्या रेकॉर्डच्या दुकानात ती गाठली आणि मागवली. मुलगा यायच्या दोन आठवडे आधी पार्सल कचेरीतून चिठ्ठी आली: घेऊन जा.

खिडकीवरच्या कारकुनाने पार्सल काट्यावर ठेवलं. पाकिटावर लिहिलेलं वजन तीनशे दहा ग्रॅम, काटा दाखवत होता तीनशे पंचावन्न. तफावत आहे, आत न सांगितलेलं काही असू शकतं, उघडून तपासणीला पाठवावं लागेल, महिना लागेल, असं कारकुनाने पाठ केल्यासारखं सांगितलं. काकांनी नम्रपणे काट्याकडे पाहिलं. मग काट्याखाली पाहिलं. शिक्क्याची मुदत चौदा महिन्यांपूर्वी संपली होती.

त्या क्षणी काकांना कळलं की गप्प बसलो तर महिना लागेल आणि बोललो तर किती लागेल ते देव जाणे. रांगेतला मागचा माणूस म्हणाला, आटपा की काका. काकांनी बॅगेतून ओळखपत्र काढलं, मग सीलची तार. दहा मिनिटांत काटा बंद झाला. काटा बंद म्हणून वजन बंद, वजन बंद म्हणून खिडकी बंद, आणि काकांचं पार्सल आत.

"साहेब, आता तुमचंही मिळणार नाही," कारकून म्हणाला. त्यात थोडा आनंद होता.

काटा दुरुस्त झाल्यावर तो पुन्हा तपासून शिक्का मारायचा अर्ज पार्सल कचेरीने वजनमापे खात्याकडे करायचा, आणि त्या भागाचे निरीक्षक होते छटाककाका. अर्ज त्यांच्याच टेबलावर आला. शिक्का मारणं पाच मिनिटांचं काम होतं. पण काट्यावर आपलं पार्सल अडकलेलं असताना आपण शिक्का मारणं म्हणजे वशिला. काकांनी अर्जावर लिहिलं: "निम्नस्वाक्षरीकर्त्याचा या काट्यात वैयक्तिक हितसंबंध आहे. काम अन्य अधिकाऱ्याकडे द्यावे." वरच्या साहेबांनी हा शेरा दोनदा वाचला आणि विचारलं, तुमचा काट्यात काय हितसंबंध? काकांनी प्रोग्रेसिव्ह रॉक समजावून सांगायला सुरुवात केली. साहेबांनी तिसऱ्या वाक्याला सही केली.

अन्य अधिकारी आजारी होते. ते बरे होऊन काट्याला शिक्का बसला तो मुलगा यायच्या आदल्या दिवशी, चार वाजता. काका रांगेत बाविसावे उभे होते. पार्सल भरलं तीनशे दहा ग्रॅम, ना कमी ना जास्त. कारकुनाने ते देताना सहा ठिकाणी सह्या घेतल्या. काकांना सातवी मागितली असती तरी चाललं असतं.

मुलगा शनिवारी सकाळी आला. दुपारी काकांनी ते पाकीट त्याच्यापुढे ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मुलाने वेष्टन काढलं. रेकॉर्ड उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाला, "बाबा, ही तुम्हाला कुठे मिळाली?"

गेल्या दोन वर्षांत काकांना विचारला गेलेला हा पहिला खरा प्रश्न होता. त्यांनी उत्तर पाठ केलं होतं, तरी आयत्या वेळी ते फक्त म्हणाले, "मिळाली." मग हातमोजे घातले, रेकॉर्ड लावली. सेक्रेटरी शनिवार म्हणून उशीसह हजर होतेच.

सुई टेकली. मुलाच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं. मनात धरून ठेवलेली वस्तू हातात येऊन ती अशी निघावी, याचं वाईट त्याला लपवता येईना. तो म्हणाला, छान आहे, फारच संथ झालेत दुसऱ्या वेळी. काकांना ते बघवेना. त्यांनी घाईने निळं हरीण काढलं. "हे राहू दे. तुझं आवडतं लावतो."

निळं हरीण चार पायऱ्या चढलं असेल, तेवढ्यात मुलगा उठून प्लेअरपाशी गेला.

"बाबा, हे असं किती दिवस ऐकताय?"

"दोन महिने होत आले. त्रेसष्टच्या त्रेसष्ट झाल्या."

मुलाने सुई उचलली, कागदाचा कपटा तबकडीवर ठेवला आणि म्हणाला, मिनिटाला तेहतीसच्या वर फेरे पडायला हवेत. मोजायचं त्याने काकांवर सोपवलं, कारण या घरात मोजायचं कुणी हे ठरलेलं होतं. काकांनी घड्याळ लावलं. कपटा फिरत राहिला. खोलीत सेक्रेटरींच्या घोरण्याखेरीज आवाज नव्हता.

"बावीस," काका म्हणाले.

मग त्यांनी मनातल्या मनात अठरा आणि सत्तावीसचं प्रमाण मांडलं आणि खाली बसले. कुणी कुणाला दीडपट दिलं नव्हतं. जगात सव्वापावशेर देणारा माणूस अजूनही निघाला नव्हता. दुसऱ्याचे तराजू उलटे करण्यात जन्म गेला आणि घरात अकरा फेऱ्यांची तूट.

मुलाला रागवायचं नव्हतं, पण हसूही आवरत नव्हतं. त्याने सोबतच्या बॅगेतून चिकटपट्टी काढली, रेडिओवाल्याच्या चकतीवर ती गुंडाळून जाड केली आणि फेरे जुळवले. बोटवाली रेकॉर्ड लावली तर प्रौढ, संसारी गृहस्थाच्या जागी एक पोरसवदा मुलगी गायला लागली. निळं हरीण शिडीवरून असं उधळलं की सेक्रेटरी दचकून उठले, उशी छातीशी धरून म्हणाले, "काय पडलं?" आणि काय पडलं ते समजल्यावर फार दुखावलेल्या आवाजात विचारलं, म्हणजे मला झोप लागत होती ती चुकीची होती का? बायकोने त्यांना चहा दिला. स्वतः हसायला स्वयंपाकघरात गेली, तेवढी नवऱ्याची अब्रू तिने राखली.

काका वही घेऊन बाल्कनीत गेले. पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं: "तपासणी करणाऱ्याचे साधन सदोष. सर्व शेरे रद्द." सही करायला पेन टेकवलं आणि आतून गिटार ऐकू आली.

मुलाने ती भिंतीवरून काढली होती. तोच तुकडा. वेगात चढला, उतरला आणि त्याच जागी अडखळला. पुन्हा एकदा. पुन्हा तिथेच. काकांचा हात सवयीने भिंतीकडे गेला आणि थांबला. ते उठून दारात जाऊन उभे राहिले.

"एक आधीच देतोयस."

मुलाने मान वर केली.

"चढताना अकरा आहेत. उतरताना तू अकरा उतरवायला बघतोस, म्हणून गोंधळ होतो. तो दहाच उतरतो." काका जरा घुटमळले. "अकरावा मागे ठेवतो. मग झांज वाजते ना, तिच्या खाली हळूच देतो. ऐकू येत नाही तुला, झांज मोठी आहे. पण देतो. माप पुरं करतो तो."

"तुम्हाला कसं कळलं?"

"सावकाश ऐकलं," काका म्हणाले.

आणि त्यांनी ते गाऊन दाखवलं. सूर यथातथाच होता, गती बैलगाडीची होती, पण अकराच्या अकरा स्वर होते, आणि शेवटचा, झांजेच्या जागी टाळी वाजवून, त्यांनी तिच्याखाली हळूच ठेवला. मुलगा ऐकत राहिला. मग म्हणाला, "पुन्हा म्हणा. याहून सावकाश."

सहाव्या खेपेला तो तुकडा गिटारवर आला. सेक्रेटरी तोवर पुन्हा झोपले होते.

मुलगा परत गेला. जाताना त्याने चकतीवरची पट्टी काढता-घालता येईल अशी करून दिली, कारण शनिवारी दुपारी सेक्रेटरींना बावीसच फेरे लागतात. बाल्कनीतली वही मात्र घरी सापडेना. रद्द केलेली असो वा नसो, ती तो घेऊन गेला होता.

पुढच्या रविवारी फोन आला. जेवलास का हे विचारायचं राहूनच गेलं. नमुना क्रमांक चौदामधल्या ढोलवाल्याला काकांनी उगाच घाई करतो असं का म्हटलंय, यावर मुलाचं काही म्हणणं होतं, आणि काका ते मान्य करायला तयार नव्हते. आई हात पुढे करून बराच वेळ उभी राहिली, मग भाजी निवडायला गेली. फोन एकोणीस मिनिटं चालला.

घड्याळ पुढे तर पळत नाही ना, हे काकांनी सकाळीच तपासून घेतलं होतं.